प्रोस्टेटची थ्रीडी सोनोग्राफी : गरज कोणाला, खर्च किती?

रात्रीतून तीन-चारदा उठावं लागतं, धार बारीक झाली आहे, म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली असेल, तर थ्रीडीसाठी जादा पैसे मोजू नका. पोटावरून होणारी साधी सोनोग्राफी पुरते. ग्रंथी किती वाढली आहे आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते, हे दोन आकडे डॉक्टरांना हवे असतात. दोन्ही तिच्यात मिळतात. मुंबई-पुण्यात खासगी सेंटरवर साधारण 1,000 ते 2,500 रुपये. तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन जा, नाहीतर बाकावर ताटकळत बसाल. लघवीनंतरची दुसरी तपासणी त्याच पैशांत धरली आहे ना, हे काउंटरवरच विचारा.

गुदद्वारातून प्रोब घालून करतात ती ‘ट्रस’. साधारण 1,500 ते 3,500 रुपये, पंधरा-वीस मिनिटं, रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी. थ्रीडी प्रोब असेल तर आकारमान अधिक नेमकं कळतं, पण कर्करोगाचं निदान त्यावरूनही होत नाही. बऱ्याच गाठी आजूबाजूच्या भागासारख्याच दिसतात. ‘थ्रीडीत सगळं दिसतं’ असं रिसेप्शनवर कोणी सांगितलं, तर मान डोलवा आणि चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच करून घ्या.

थ्रीडीचे पैसे वसूल होतात ते फ्यूजन बायप्सीत. एमआरआयमध्ये दिसलेली संशयास्पद जागा सोनोग्राफीच्या चालू चित्रावर बसवून नेमका तिथलाच तुकडा काढतात. इथे क्रम चुकवू नका. आधी पीएसए ही रक्तचाचणी, 500 ते 1,200 रुपये. रक्त ट्रसच्या आधीच द्या. दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध टाळा. मग एमआरआय, 8,000 ते 15,000. डाय त्यात धरला आहे का ते विचारा, क्रिएटिनिन या मूत्रपिंडाच्या चाचणीचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. बायप्सी शेवटी. ती आधी केली तर आत साकळलेल्या रक्तामुळे एमआरआय नीट वाचता येत नाही, काही आठवडे थांबावं लागतं.

फ्यूजन बायप्सीला खासगीत बहुधा 30,000च्या पुढे लागतात, आणि बिल फुगतं ते इथेच. बायप्सीची सुई, भूलतज्ज्ञ, डे-केअरचा बेड, अँटिबायोटिक वेगळे लावले जातात. सगळ्यात लपलेला आकडा पॅथॉलॉजीचा. बारा-पंधरा तुकडे वेगवेगळ्या डब्यांत जातात आणि काही लॅब डब्यामागे पैसे घेतात. ‘पॅथॉलॉजीसकट एकूण किती?’ याचं उत्तर कागदावर घ्या.

डॉक्टरांची चिठ्ठी, आधार, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी न्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी सांगा. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. पेसमेकर असेल तर एमआरआयची वेळ घेतानाच सांगा.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023पासून तपासण्या मोफत आहेत. साध्या सोनोग्राफीसाठी आधी तिथे चौकशी करा. फ्यूजनची सोय मात्र तिथे धरून चालू नका. भरती न होता केलेल्या तपासणीचे पैसे मेडिक्लेम सहसा देत नाही. बायप्सी डे-केअरमध्ये असेल तर कंपनीची मंजुरी आधी लेखी घ्या.

बायप्सीनंतर लघवीत थोडं रक्त दिसतं, ते थांबतं. ताप किंवा थंडी भरली तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री रुग्णालय गाठा.