तिरक्या बांधाचं माप

समलंब चौकोनाचं सूत्र तुला तोंडपाठ आहे, तरी उत्तर चुकतं. कारण तू तिरकी बाजू हीच उंची समजून गुणतेस. वही मिट जरा. आपल्या आष्टीकडं ओढ्याकाठचं रान कधी चारी कोपऱ्यांत काटकोनात असतं का गं? ओढा वळेल तसा बांध तिरका जातो.

धर, वरचा बांध ६० मीटर, खालचा ९०, दोन्ही समांतर. डावा बांध काटकोनात, ४० मीटर. ओढ्याकडचा तिरका. उंची म्हणजे दोन समांतर बांधांमधलं सरळ अंतर, इथं ४०. साठ नि नव्वद दीडशे, त्याचे निम्मे पंचाहत्तर, गुणिले चाळीस: ३००० चौरस मीटर. शंभर चौरस मीटरचा एक आर, म्हणजे सातबाऱ्यावर ३० आर.

तिरका बांध कामी येतो परिमितीत. नव्वदातून साठ गेले, राहिले तीस. तीस आणि चाळीसच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण पन्नास. चारही बाजू मिळून २४० मीटर; कुंपणाला एकपदरी एवढी तार.

कुणी समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढून गुणतात. करून बघ: ७५ गुणिले ४५, ३३७५. पावणेचार आर हवेतून आले! ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्येच या रीतीला स्थूल म्हटलंय. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त वरच्या बाजूला मुख, खालच्या बाजूला भूमी म्हणतात. दोन्हींच्या बेरजेच्या निम्म्याला लंबानं गुणायचं. लंबानं, बाई, तिरकीनं नाही.

एवढा जीव तोडून सांगते, कारण परीक्षेपलीकडं हे तुझ्या हक्काचं आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाएवढा वाटा दिला. उद्या वाटणीच्या वेळी कुणी 'एवढे आर' म्हणालं, तर मान डोलवू नकोस, स्वतः मोज.

काटकोन साधायला दोरी पुरते. सारख्या अंतरावर गाठी मारून बारा भाग कर, टोकं जोड, आणि ३, ४, ५ भागांच्या बाजू ताणून धर. तीन नि चारच्या मधला कोपरा काटकोन. चारची बाजू खालच्या बांधाला लाव, तीनच्या रेषेनं सरळ वरच्या बांधापर्यंत जा, आणि तेवढंच अंतर उंची म्हणून लिही.