तंत्रविद्येचे अध्यापन आणि विद्यार्थ्याची भाषा
उस्मानिया विद्यापीठाच्या प्रयोगापासून घ्यावयाचा बोध

तंत्रविद्येचा प्राध्यापक वर्गात किती शिकवितो, यापेक्षा विद्यार्थ्याला त्यातील किती उमगते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. खेड्यातून येणारा विद्यार्थी गणितात हुशार असतो, यंत्राची उघडझाप त्याच्या हाताला सहज साधते. परंतु महाविद्यालयातील पहिल्याच व्याख्यानात अपरिचित भाषेची भिंत त्याच्यापुढे उभी राहते. मग तो ऐकण्याऐवजी उतरवून घेऊ लागतो आणि समजून घेण्याऐवजी पाठ करू लागतो. या समस्येचा विचार आपल्या देशात नवा नाही. शतकापूर्वी हैदराबाद येथे तिच्यावर एक मोठा प्रयोग झाला. मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानात असल्याने त्या प्रयोगाचे बरेवाईट फळ मराठी विद्यार्थ्यांच्याही वाट्याला आले. म्हणून त्याचा परिचय करून घेणे उद्बोधक ठरेल.

विद्यापीठाची स्थापना

संस्थानचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९१७ साली विद्यापीठ स्थापन करण्याचा आदेश काढला व १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ अस्तित्वात आले. या योजनेमागे सर अकबर हैदरी यांची दूरदृष्टी होती. त्या वेळी देशातील विद्यापीठांत उच्च शिक्षण इंग्रजीतून दिले जात असे. उस्मानियाने उर्दू हे अध्यापनाचे माध्यम ठरविले आणि त्याच वेळी इंग्रजी हा विषय प्रत्येक विद्यार्थ्यास आवश्यक केला. एतद्देशीय भाषेतून ज्ञान द्यावे, परंतु जगाचे दार बंद करू नये, असा हा दुहेरी विचार होता. पुढे वैद्यकाचे व १९२९ पासून अभियांत्रिकीचे शिक्षणही या विद्यापीठात सुरू झाले.

केवळ आदेश काढून माध्यम बदलत नाही, ही जाणीव योजनाकारांना होती. म्हणूनच १९१७ साली, म्हणजे वर्ग भरण्यापूर्वीच, ‘दारुल तर्जुमा’ हे भाषांतर कार्यालय उघडण्यात आले. मौलवी अब्दुल हक हे त्याचे पहिले प्रमुख होते. गणित, पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, कायदा, इतिहास अशा विविध विषयांवरील शेकडो ग्रंथ या कार्यालयाने उर्दूत आणले. त्यासाठी विषयतज्ज्ञ व भाषातज्ज्ञ यांच्या समित्या एकत्र बसून एकेका संज्ञेचा खल करीत. परिभाषा कशी घडवावी, या विषयावर वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ साली स्वतंत्र ग्रंथच सिद्ध केला. आधी ग्रंथ, मग परिभाषा आणि मग वर्ग, हा क्रम आजही अनुकरणीय आहे.

वर्गातील अनुभव

उर्दू ज्यांच्या घरात बोलली जात होती, त्या विद्यार्थ्यांना या पद्धतीचा लाभ झाला, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मोहम्मद रझीउद्दीन सिद्दीकी यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. हैदराबादेतच जन्मलेल्या या विद्यार्थ्याने उस्मानियातून गणिताची पदवी घेतली. त्यानंतर ते केंब्रिजला गेले आणि जर्मनीतील लाइप्झिग येथे हायझेनबर्ग यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. उर्दूतून गणित शिकल्यामुळे त्यांचे कोठेही अडले नाही. पुढे ते उस्मानियातच प्राध्यापक झाले आणि सापेक्षतेसारख्या अवघड विषयावर त्यांनी उर्दूत लेखन केले. विद्यार्थ्याने आपल्या भाषेतून ज्ञान घ्यावे आणि प्राध्यापक होऊन त्याच भाषेला ते परत द्यावे, हे चक्र येथे पूर्ण झाले.

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे. संस्थानातील सुमारे निम्मी प्रजा तेलुगू भाषक होती आणि चौथ्या हिश्श्याच्या आसपास मराठी भाषक होती. कन्नड भाषकही बरेच होते. उर्दू मातृभाषा असणारे लोक त्या मानाने थोडे होते. नांदेड, परभणी, बीड वा उस्मानाबाद जिल्ह्यांतील विद्यार्थी घरी मराठी बोले. वरच्या वर्गात उर्दूची लिपी व तिच्यातील अरबी-फारसी शब्दसंपत्ती आत्मसात करी आणि त्याशिवाय इंग्रजीचा अभ्यास करी. विद्यापीठाने परकी भाषा दूर सारली खरी, परंतु या विद्यार्थ्याच्या दृष्टीने एका परकीच्या जागी दुसरी आली. अरबी धातूंवरून घडविलेली संज्ञा उर्दू भाषक मुलास अर्थाचा काही सुगावा देई. मराठी मुलास ती इंग्रजी संज्ञेइतकीच पाठ करावी लागे.

मराठी समाजाने आपल्या परीने यावर उपाय शोधला. हैदराबाद शहरात विवेकवर्धिनी, औरंगाबादेत १९१५ साली निघालेली सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी अशा संस्थांनी मराठी शिक्षणाची ज्योत तेवत ठेवली. परंतु शाळेत मिळालेला हा आधार विद्यापीठात, विशेषतः तंत्रविद्येच्या वर्गात, तुटत असे. भाषेचा प्रश्न केवळ पुस्तकाचा नसतो. ही संस्था आपली आहे असे विद्यार्थ्यास वाटते की नाही, याच्याशीही तो निगडित असतो. १९३८ साली औरंगाबादच्या महाविद्यालयात व उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी करण्यात आली, तेव्हा विद्यार्थ्यांनी शिक्षणावर पाणी सोडले, परंतु गीत सोडले नाही. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विद्यार्थ्यांपैकीच एक होत.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाल्यावर उर्दू माध्यम मागे पडले आणि त्याची जागा इंग्रजीने घेतली. तीन दशकांच्या परिश्रमांतून निर्माण झालेला ग्रंथसंग्रह वर्गाबाहेर गेला. एका भाषेतून शिकलेल्या विद्यार्थ्यांना पुढील व्यवहार दुसऱ्या भाषेतून करावा लागला. माध्यमाचा निर्णय एका राजवटीच्या इच्छेवर अवलंबून असला, म्हणजे राजवटीबरोबर तोही जातो, असा याचा अर्थ आहे.

समजणे म्हणजे काय?

भाषेचा आणि आकलनाचा संबंध एका साध्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. धाब्याच्या घरातील लाकडी तुळई वर्षानुवर्षे मातीचा भार सोसून मध्यभागी खाली वाकते, हे खेड्यातील प्रत्येकाने पाहिलेले असते. वाकताना तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. सिमेंट काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण मात्र त्याला सोसवत नाही. म्हणून दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या मुख्यत्वे खालच्या बाजूस घालतात.

आता दारावरील छज्जा पाहा. तो एकाच बाजूस भिंतीत धरलेला असतो आणि दुसरी बाजू मोकळी असते. भार पडताच मोकळे टोक खाली झुकू पाहते. येथे ताण वरच्या भागात निर्माण होतो. म्हणून मुख्य सळ्या वर असाव्या लागतात. काँक्रीट ओतताना कामगारांच्या पायाखाली त्या दबून तळाशी गेल्या, तर छज्जा दिसावयास भक्कम, परंतु वस्तुतः धोक्याचा होतो. सेंटरिंग काढताच तो कोसळू शकतो.

ज्या विद्यार्थ्याने याचे सूत्र परकी भाषेत केवळ पाठ केले, तो परीक्षेत पूर्ण गुण मिळवील. परंतु बांधकामावर उभा असताना गवंड्याने “साहेब, इथे सळ्या वर का घ्यायच्या?” असे विचारले, तर त्याला उत्तर देता येईलच असे नाही. ज्याला प्राध्यापकाने तुळईचा दाखला देऊन त्याच्या भाषेत समजावले आणि शंका विचारू दिली, तो गवंड्यालाही चार वाक्यांत समजावील. अभियंत्याचे ज्ञान अखेर गवंड्याच्या हातून प्रत्यक्षात उतरते. या दोघांमधील भाषेचा पूल कच्चा असेल, तर त्याची किंमत त्या छज्ज्याखाली उभ्या राहणाऱ्या माणसाला मोजावी लागते.

आजचे पाऊल

महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाली आणि विविध शास्त्रांचे मराठी परिभाषा कोश सिद्ध झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय भाषांतून उच्च शिक्षण देण्याचा पुरस्कार केला. त्यानंतर २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीची पदवी देण्याची अनुमती दिली. त्या भाषांत मराठीचाही समावेश आहे. हैदराबादेत १९९८ पासून मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ कार्यरत आहे, ही गोष्टही येथे नमूद करण्याजोगी आहे.

उस्मानियाच्या अनुभवावरून आपणांस पुढील गोष्टी ध्यानात घेता येतील :

१. माध्यम बदलण्यापूर्वी ग्रंथ व परिभाषा यांची सिद्धता व्हावी. पुस्तक हाती नसताना उघडलेला वर्ग विद्यार्थ्यास अधिकच अडचणीत टाकतो.

२. संज्ञा घडविताना कारागिरांच्या बोलीतील शब्द प्रथम विचारात घ्यावेत. तुळई, सळई, ओळंबा, गुण्या हे शब्द कोणासही शिकवावे लागत नाहीत. जे आंतरराष्ट्रीय शब्द रुळले आहेत, ते तसेच ठेवावेत.

३. मराठी संज्ञेबरोबर तिची इंग्रजी संज्ञाही विद्यार्थ्यास अवगत असावी. इंग्रजीची सक्ती उस्मानियाच्या विद्यार्थ्यांना परदेशातही उपयोगी पडली, हे विसरता कामा नये.

४. ज्यांची मातृभाषा मराठी नाही, अशा विद्यार्थ्यांचाही विचार व्हावा. गोंडी, भिली, कोरकू बोलणाऱ्या मुलाला मराठीदेखील शिकावी लागते. मराठी मुलांना उर्दूच्या वर्गात जी अडचण आली, तीच आपल्या वर्गात आपण दुसऱ्या कोणास देत नाही ना, हे अध्यापकांनी पाहावे.

५. अध्यापकाने आठवड्यातून एखादी तासिका केवळ विद्यार्थ्यांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावी आणि प्रश्न कोणत्याही भाषेत विचारण्याची मुभा द्यावी.

यांतील शेवटच्या सूचनेसाठी शासकीय आदेशाची वा निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. वर्गात प्रश्न उमटू लागले, म्हणजे विषय समजू लागला असे मानावे. ज्या वर्गात सर्वजण निमूटपणे लिहून घेत आहेत, त्या वर्गातील प्राध्यापकाने फळ्याकडून वळून विद्यार्थ्यांकडे पाहणे अगत्याचे आहे.