मानमोडी की बर्ड फ्लू? पाळीव प्राणी आणि अंदाजाचं औषध



चौथीच्या परिसर अभ्यासाच्या तासाला पाळीव प्राणी शिकवत होतो. विषय तसा सोपा. गाय दूध देते, कुत्रा राखण करतो, झालं. तेवढ्यात मागच्या ओळीतली एक मुलगी उठली. "सर, आमची कोंबडी मान वाकडी करते आन् गोल गोल फिरते. तिला काय झालंय?" सगळा वर्ग हसला. ती मात्र हसली नाही. आमच्या नवापूर तालुक्यातल्या पाड्यांवर कोंबडी म्हणजे मुलांची खेळगडीही असते आणि वह्या-पेनाचे पैसेही. म्हणून आजचा लेख तिच्या प्रश्नावर.

मान वाकडी झाली की आपल्याकडे लगेच म्हणतात, मानमोडी आली. पुस्तकात तिलाच राणीखेत म्हणतात. उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून हे नाव पडलं. हा विषाणूजन्य रोग आहे. हिरवट पातळ हगवण, तोंड उघडून श्वास घेणे, पंख किंवा पाय लुळे पडणे आणि मान पिळवटणे ही त्याची लक्षणे. पण थांबा! मान तर जीवनसत्त्व ब-१ कमी पडलं तरी वाकते. पाय मरेक्स रोगातही लुळे पडतात. हगवण जंतांमुळे होते. विष्ठेत रक्त दिसलं तर कॉक्सिडिओसिसची शंका घेतात, आणि त्याची खात्री विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून होते. म्हणजे लक्षण एक, रोग अनेक.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्याइतकी महागात क्वचितच कोणाला पडली असेल. २००६ च्या सुरुवातीला नवापूरच्या पोल्ट्री फार्मांवर कोंबड्या पटापट मरू लागल्या. आधी सगळ्यांना वाटलं, राणीखेतच. तसं वाटण्यात चूकही नव्हती, कारण तोवर भारतातल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळलाच नव्हता. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ ला जाहीर झालं की हा एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. देशातला पहिला. मग लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, त्यात घरच्या अंगणातल्याही होत्या. माणसाला लागण झाल्याचं आढळलं नाही, पण धंदा बसला तो बसलाच. पुन्हा पोल्ट्री उभी राहिली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला.

दोन्ही रोगांत अचानक मर होते. बर्ड फ्लूत तुरा आणि गलोल सुजून निळसर पडतात असं शिकवतात, पण नुसत्या तुऱ्यावरून निदान होत नाही. डॉक्टर श्वासनलिका आणि गुदद्वारातून कापसाच्या काडीने नमुना घेतात, तो बर्फात ठेवून पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे आणि तिथून गरजेप्रमाणे भोपाळला जातो. आपण घरी मेलेली कोंबडी कापून आत काय आहे ते बघायचं नाही. हे मुलांना स्पष्ट सांगा, त्यांना फार उत्सुकता असते.

आता माझंच सांगतो. मी लहान असताना आमच्याकडे अशीच मर लागली. घरात माणसांच्या कॅप्सूल उरल्या होत्या, त्यांची पूड पाण्यात कालवून पाजली. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही, हे तेव्हा कोणाला ठाऊक? चार कोंबड्या मेल्या. उरलेल्या मरायच्या आत आठवडे बाजारात विकल्या आणि मेलेल्या नाल्यात टाकल्या. आज विचार केला की अंगावर काटा येतो. त्या विकलेल्या कोंबड्यांनी किती अंगणं रिकामी केली असतील! मेलेला पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचा, आणि आजारी पक्षी बाजारात न्यायचाच नाही.

कुत्र्याचंही असंच. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक काळ्या झोपतो, कानात गोचिडांचे गुच्छ. गोचिडामुळे येणारा ताप वरून सारखाच दिसतो: खाणं बंद, अंग गरम, हिरड्या पांढुरक्या. पण बबेसिया आणि एर्लिकिया हे दोन वेगळे जंतू आहेत. डॉक्सिसायक्लिन एर्लिकियावर चालतं, बबेसियाला दुसरं औषध लागतं. म्हणून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन पाहतात. औषधाचा डोस वजनावर ठरतो. घरातली तापाची गोळी तर देऊच नका. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही मारू शकते, आणि आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो.

एक रोग मात्र असा की जिवंत कुत्र्याची तपासणी करून खात्री देता येत नाही: रेबीज. त्याचं पक्कं निदान मेल्यावर मेंदू तपासूनच होतं. त्यामुळे "बघू, कुत्रा पिसाळतो का" म्हणत लस लांबवायची नाही. चावलेली जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायची, तिखट किंवा चुना लावायचा नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. कुत्र्याला साधारण तीन महिन्यांचा झाल्यावर पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तशी पुन्हा.

त्या मुलीच्या कोंबडीचं काय झालं, हे विचाराल. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन केला, डॉक्टर आले. पाड्यात इतर घरी मर नव्हती. त्यांनी नमुना घेतला आणि कोंबडी टोपलीखाली वेगळी ठेवायला सांगितली. ती तिसऱ्या दिवशी मेली. मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. अहवाल आला, राणीखेत.

राणीखेतवर औषध नाही, पण लस आहे. लासोटा लसीचा एक थेंब पाच ते सात दिवसांच्या पिलाच्या डोळ्यात किंवा नाकात घालतात. अडचण एवढीच की कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची असते, थंड ठेवावी लागते आणि कालवली की लगेच संपवावी लागते. एका घरी तर सात-आठच पिलं. म्हणून आता चौथीच्या मुलांनी फळ्याच्या कोपऱ्यात तक्ता केलाय: कोणाच्या घरी पिलं कधी निघाली, किती निघाली. तारखा जुळल्या की सगळ्या घरांची मिळून एकच कुपी मागवायची. पहिलं नाव त्या मुलीचं आहे. तिच्या मामाने तिला खुडूक कोंबडी आणि अकरा अंडी दिली आहेत.