दोरीची भाषा : पाणबुड्यांच्या एका संग्रहालयातून शिकण्यासारखे

मंडळाच्या अभ्यासवर्गात या सत्रात आपण 'वस्तू आणि आठवण' हा विषय घेतला आहे. जुन्या वस्तूबद्दल कोणी बोलावे? तिचा अभ्यास करणाऱ्याने, की ती वापरणाऱ्याने? या प्रश्नासाठी मी मुद्दाम लांबचे उदाहरण निवडले आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात पनामा सिटी बीच या गावी 'मॅन इन द सी' नावाचे पाणबुड्यांच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. ते चालवण्यात पुढे आहेत ते नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडे. मी तिथे गेलेलो नाही, पण त्या विषयाचे वाचन करताना आपल्या वर्गाला उपयोगी पडेल असे बरेच हाती लागले. ते इथे मांडतो.

१. आधी शब्द

'पाणबुड्या' या शब्दात 'बुडणे' आहे. एरवी आपल्या भाषेत बुडणे म्हणजे नुकसान. पैसे बुडतात, धंदा बुडतो, घर बुडते. पाणबुड्या मात्र ठरवून बुडतो आणि काम आटोपून वर येतो. त्याच्या विद्येचा अवघड भाग खाली जाण्यात नसून वर येण्यात असतो, हे पुढे दिसेलच.

२. शिरस्त्राण आणि दोरी

चित्रात पाहिलेला तांब्या-पितळेचा गोल टोप आठवा. अमेरिकन नौदलाचा 'मार्क फाइव्ह' हा पोशाख 1916 पासून 1984 पर्यंत वापरात होता. टोप, शिशाचा पट्टा, जड बूट असे सगळे मिळून वजन सुमारे 86 किलो. काचेच्या कपाटात ठेवला तर तो शोभेची वस्तू वाटतो. पाटीवर वजन लिहिता येते, पण ते वजन खांद्यावर कुठे रुतते, बोटीच्या शिडीवर पाऊल कसे टाकायचे, हे अंगावर चढवलेला माणूसच सांगू शकतो.

त्याहून बोलकी वस्तू म्हणजे साधी दोरी. टोपात टेलिफोन आला तरी दोरीची भाषा प्रत्येकाला शिकावीच लागे. फोन बंद पडला, तर दोरीच उरते. पाणबुड्याने एक हिसका दिला तर 'मी ठीक आहे'. दोन दिले तर 'दोरी सैल सोडा'. तीन म्हणजे 'सैल दोरी ओढून घ्या'. चार म्हणजे 'मला वर घ्या'. दोन-दोन-दोन असे हिसके आले तर 'अडकलोय, दुसरा पाणबुड्या पाठवा'. तीन-तीन-तीन आले तर 'अडकलोय, पण माझा मी सुटेन'.

भाषेच्या विद्यार्थ्याने इथे जरा थांबावे. या भाषेला स्वर नाही, व्यंजन नाही, तरी व्याकरण आहे. 'मदत पाठवा' आणि 'माझा मी सुटेन' यांतला फरक फक्त दर खेपेच्या एका हिसक्याचा, आणि त्या फरकावर दुसऱ्या माणसाला पाण्यात उतरवायचे की नाही हे ठरते. शिवाय वर दोरी धरून बसलेल्याला लाटेची ओढ कोणती आणि माणसाची कोणती, हे ओळखता यावे लागते. ही ओळख पुस्तकातून येत नाही, हातात येते.

३. पाण्याखालचे घर

या संग्रहालयातली मोठी वस्तू म्हणजे 'सीलॅब वन', समुद्रतळावर माणसांना राहण्यासाठी नौदलाने बांधलेले लोखंडी घर. ते याच परिसरातल्या नौदलाच्या प्रयोगशाळेत तयार झाले, म्हणजे आज ते आपल्या माहेरीच आहे म्हणा ना.

त्यामागचे शास्त्र थोडक्यात असे. खोल पाण्यात दाबामुळे श्वासातला वायू रक्तात आणि शरीरात विरघळतो. माणूस घाईने वर आला तर सोड्याची बाटली फोडल्यासारखे बुडबुडे सुटतात. सांधे दुखतात, अंग लुळे पडते, जीवही जातो. म्हणून टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत वर यावे लागते. नौदलाचे डॉक्टर जॉर्ज बाँड यांचा विचार असा, की शरीर साधारण दिवसभरात पूर्ण भरले की त्यात आणखी वायू मावत नाही. मग खाली एक दिवस राहा की एक महिना, वर येण्याला वेळ तेवढाच लागेल. मग रोज वर-खाली करण्यापेक्षा खालीच का राहू नये?

आधी प्राण्यांवर आणि मग बंद टाक्यांत माणसांवर प्रयोग झाले. जुलै 1964 मध्ये बर्म्युडाजवळ 59 मीटर खोलीवर चार जण या घरात राहायला गेले. तिथे दाब जमिनीवरच्या जवळजवळ सात पट. हवेत मुख्यतः हेलियम, त्यामुळे आवाज बदकासारखा आणि अंगातली ऊब भराभर निघून जाणारी. तीन आठवड्यांचा बेत होता, पण वादळ येऊ लागल्याने 11 दिवसांत आवरते घ्यावे लागले. तरी मुद्दा सिद्ध झाला होता. 1965 मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 'सीलॅब टू'मध्ये तीन तुकड्या मिळून 45 दिवस राहिल्या. अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर सलग 30 दिवस खाली होते.

४. जे पाटीवर लिहायला जड जाते

आता खरा प्रश्न. 1969 मध्ये 'सीलॅब थ्री' 186 मीटर खोल ठेवले गेले. घरातून वायू गळू लागला. ते दुरुस्त करायला गेलेल्यांपैकी बेरी कॅनन 17 फेब्रुवारी रोजी मरण पावले. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे रसायन श्वसनयंत्राच्या एका डब्यात भरलेलेच नव्हते, असे चौकशीत निघाले. त्या घरात कोणीच राहिले नाही आणि ही योजना तिथेच संपली.

त्या वेळी कॅनन यांच्यासोबत पाण्यात होते बॉब बार्थ. टाकीतल्या पहिल्या प्रयोगांपासून तिन्ही सीलॅबपर्यंत सगळीकडे असलेला हा नौदलाचा माणूस. पुढे त्यांनी या अनुभवांवर 'सी ड्वेलर्स' हे पुस्तक लिहिले.

कोणी म्हणेल, वापरणाऱ्याच्या हाती संग्रहालय दिले तर तो आपलीच थोरवी सांगेल. धोका आहेच. जुने सैनिक एकत्र बसले की पराक्रम वाढतात, हे आपण आपल्याही घरी ऐकतो. म्हणून कागदपत्रे, चौकशी-अहवाल आणि बाहेरचा अभ्यासक यांची गरज कधीच संपत नाही. पण दुसरी बाजू बघा. अहवालात 'डबा रिकामा होता' एवढे एक वाक्य असते. ज्याने स्वतः असे डबे भरले आहेत, स्वतः भरल्यावर दुसऱ्याकडून तपासून घेतले आहेत, तो या वाक्यापाशी थांबतो. त्याच्या दृष्टीने ती माहिती नसते, ताकीद असते. पुढच्या माणसाने डबा उघडून पाहावा म्हणून तो ते सांगतो. माझ्या मते अशा संग्रहालयाचे मोल इथे आहे. विजयाची गोष्ट कोणीही सांगेल. चुकीची गोष्ट मात्र, ज्याला ती चूक परत होऊ द्यायची नाही, त्याच्याच तोंडून खरी लागते.

यात काळाचा हिशेब मात्र निष्ठुर आहे. बार्थ 2020 मध्ये गेले. जड टोप घालून प्रत्यक्ष काम केलेली पिढी म्हातारी झाली आहे. ती गेल्यावर टोप राहील, घर राहील, दोरीही राहील, पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोणी नसेल.

५. आपल्यासाठी

हे लांबचे उदाहरण आपल्या अंगणात आणू या. हाताने शिशाचे खिळे जुळवून मराठी मजकूर छापणारे जुळारी आता किती उरले? गोव्यात खाजन शेतीच्या मानशीचे दार भरती-ओहोटी पाहून कधी उघडायचे, कधी लावायचे, हे जाणणारी माणसे किती आहेत? त्यांची अवजारे एखाद्या दालनात जातीलही. त्यांचे शब्द कोण उतरवून घेणार? ते काम मराठीच्या विद्यार्थ्याचेच आहे.

पुढच्या बैठकीसाठी तीन कामे :

१. घरातल्या किंवा शेजारच्या एका निवृत्त कामगाराला भेटा. त्यांच्या एका अवजाराचे त्यांच्याच तोंडचे नाव आणि ते वापरण्याची रीत लिहून आणा. शब्द 'शुद्ध' करू नका.

२. 'काम कसे करायचे' हे विचारून झाले की 'काम कुठे बिघडायचे' हेही विचारा. दोन्ही उत्तरांत भाषा कशी बदलते, ते टिपा.

३. त्यांच्या कामात न बोलता चालणारी एखादी खूण असेल, हाताची, शिट्टीची किंवा ठोक्याची, तर तिचा अर्थ लिहा.

बोलणारे माणूस अजून समोर आहे, तोवरच विचारून घेऊ या.