हुडहुडी डायलिसिसच्याच दिवशी का भरते?

“मशीनवर थंडी वाजतेच काकू, एसी आहे ना.” टेक्निशियनचं हे वाक्य आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. डायलिसिससाठी हातात करतात तो फिस्टुला अजून तयार व्हायचा होता, म्हणून ह्यांचं डायलिसिस मानेतल्या कॅथेटरवर, म्हणजे नळीवर, चालू होतं. मशीन सुरू होऊन अर्धा-पाऊण तास झाला की दात वाजायला लागत. दोन ब्लँकेटं घातली तरी खाट थरथरायची. रात्री ताप उतरे आणि मधल्या दिवशी माणूस ठणठणीत.

मी तापाच्या तारखा कॅलेंडरवर लिहीत होते. एका दुपारी त्या नुसत्या पाहिल्या आणि पोटात गोळा आला. प्रत्येक तारीख डायलिसिसची होती! कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ते हातातही घेतलं नाही. “नळीची जागा स्वच्छ आहे, पू नाही. तुम्ही घाबरू नका.” मलेरिया, डेंग्यू, लघवी, सगळं तपासलं, तपासली नाही ती नळी. आधी अँटिबायोटिक दिलं, रक्तातले जंतू शोधायचं कल्चर त्यानंतर पाठवलं. ते निगेटिव्ह आलं, तर तोच कागद मला पुरावा म्हणून दाखवला.

औषध संपलं आणि हुडहुडी परत आली. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी इंजेक्शनच्या आधी एकाच वेळी दोन ठिकाणचं रक्त घेतलं: एक नळीतून, एक हाताच्या शिरेतून. दोन्हीकडचं सारख्याच मापाचं, आणि प्रत्येक बाटलीवर जागा आणि वेळ लिहिली. जंतू दोन्हीकडे एकच निघाला, स्टॅफिलोकोकस ऑरियस. पण नळीची बाटली दोन तासांहून बऱ्याच आधी पॉझिटिव्ह झाली होती. फरक १२० मिनिटं किंवा जास्त असेल तर जंतूंचं घर नळीतच आहे, असं मानतात. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे छापलेलं आहे. मी उगाच शहाणपणा करत नव्हते.

बाहेरून जागा कोरडी दिसली तरी नळीच्या आतून जंतूंचा थर धरतो, आणि मशीन सुरू झालं की तेच रक्तात जातात. नळी काढावी लागली. हा जंतू हृदयाच्या झडपांवर बसतो, म्हणून इको झाला. पुढे कित्येक आठवडे इंजेक्शनं. असं दोन्हीकडचं रक्त आधीच घेतलं असतं, तर हे सगळं पहिल्याच हुडहुडीला कळलं असतं.

तापाच्या नोंदी वेळेसकट ठेवा. कल्चरसाठी फिस्टुलाच्या हातातून रक्त काढू देऊ नका. एका बाटलीला मोठ्या माणसाचं साधारण ८ ते १० मिली रक्त लागतं; थोडंसं घेतलं तर जंतू हुकू शकतो. नळी जोडताना मास्क, हातमोजे हवेतच. हात धुतले का, हे विचारायला लाजू नका. नळी काढायची वेळ आली तर पुढचं डायलिसिस कशावर होणार, तेही तेव्हाच विचारून घ्या. बीपी पडत असेल तर औषधाला उशीर नको, पण दोन बाटल्या भरायला काही मिनिटंच लागतात.

तेव्हा पहिलं इंजेक्शन टोचायच्या आधी सिस्टरना एवढं विचाराच: “दोन्हीकडचं कल्चर घेतलं का?”