डेबिट कार्डाचा गैरवापर झाल्यास काय करावे?



आपण न काढलेले पैसे खात्यातून गेल्याचा मेसेज येतो. पुष्कळ जण घाबरून ही गोष्ट घरच्यांपासून लपवतात, किंवा 'सोमवारी बँकेत जाऊन विचारू' असे म्हणतात. हा उशीरच महागात पडतो. पुढील गोष्टी त्याच दिवशी कराव्यात :

१. बँकेला फोन करून कार्ड बंद करून घ्यावे. तक्रार क्रमांक व वेळ लिहून ठेवावी. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे असतो. कार्डच हरवले तर तो मिळणार नाही, म्हणून आजच पासबुकावर लिहून ठेवावा.

२. १९३० या सायबर हेल्पलाईनवर कळवावे. लवकर कळवल्यास गेलेली रक्कम पुढच्या खात्यात अडवता येऊ शकते.

३. बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे ठरवून दिले की, दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भुर्दंड नाही. पिन किंवा ओटीपी आपणच कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले, त्यानंतरचे बँकेचे.

म्हणून चूक आपली असली, तरी लाजून गप्प बसू नये. घरातील वडीलधाऱ्यांकडून असे झाले, तर त्यांना रागावू नये. आधी कार्ड बंद करावे.