साक्षीला उभं राहण्याआधी

सामाईक विहिरीच्या पाळीवरून आमच्या भावकीत दिवाणी दावा चालला. अण्णा, माझे थोरले चुलते, साक्षीला होते. सरळ माणूस, हक्कही खरा. तरी निकालपत्रात त्यांची साक्ष विश्वासार्ह नसल्याचं लिहून आलं.

दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे आपल्या बाजूची मूळ साक्ष, बहुधा शपथपत्रावर होतो. वकिलांच्या ऑफिसात टाइप झालेल्या शपथपत्रावर अण्णांनी न वाचताच सही केली होती. त्यात विहिरीवर इंजिन १९८७ साली बसवल्याचं लिहिलेलं. उलटतपासात समोरच्या वकिलांनी सहज विचारलं, ‘इंजिन कधी बसवलं?’

‘बहात्तरच्या दुष्काळानंतर. दोन-तीन वर्षांनी असेल.’

‘मग शपथपत्रातलं ८७ साल खरं की आत्ताचं?’

अण्णा गडबडले. लगेच पुढचा प्रश्न आला, ‘साक्षीआधी वकिलांना भेटला होतात?’ भीतीनं अण्णा ‘नाही’ म्हणाले. सही तर त्यांच्याच ऑफिसात झालेली! आपल्या वकिलांशी बोलण्यात काहीही गैर नाही. ‘हो, भेटलो’ एवढंच पुरलं असतं. पण त्या एका ‘नाही’नं बाकीची खरी साक्षही झाकोळली, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून कळकळीनं सांगतो, शपथपत्र घरी आणून सातबारा, फेरफार, जुन्या नोटिसा यांच्याशी ओळ न् ओळ ताडून बघा. चूक दिसली तर शपथ घेण्याआधीच दुरुस्त करून घ्या. नेमकं साल आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहायला सांगा. पाठांतर मात्र करू नका, प्रश्न थोडा फिरवला की ते उघडं पडतं.

पिंजऱ्यात प्रश्न पूर्ण ऐकून घ्या, विचारलं तेवढंच सांगा. आठवत नसेल तर तसं म्हणा. पण अडचणीच्या प्रत्येक प्रश्नाला ‘आठवत नाही’ म्हटलं की संशय येतोच. आपल्या विरुद्ध जाणारी खरी गोष्ट असेल तर ती मान्य करा. ‘तुम्ही खोटी साक्ष देता’ असं समोरचे वकील सुचवणारच, तो त्यांच्या कामाचा भाग आहे. चिडू नका, ‘हे म्हणणं खरं नाही’ एवढं शांतपणे सांगा. उत्तर देताना आपल्या वकिलांकडे बघू नका. साक्षीदाराच्या वागण्याची नोंद करण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे. ते जबाब टाइप करवून घेत असतात, तेव्हा सावकाश बोला. शेवटी जबाब नीट वाचा किंवा वाचून दाखवायला सांगा. काही वेगळं उतरलं असेल तर सहीआधी तिथंच न्यायाधीशांना सांगा.